अकरा वाजताची रात्र

आत्याच्या रोपवाटिकेत एक वेल होती, जी आता वेल राहिली नव्हती. जात वेलीचीच, पण आत्याने चौदा वर्षं दरवेळी बुटक्यातलं बुटकं रोप तेवढं ठेवून, त्याचंच बी धरून, तिला कुंडीत मावेल एवढी करून टाकली होती. उंची वीतभर, पानं गुबगुबीत आणि फूल मात्र बशीएवढं. पांढरंशुभ्र, कडेला गुलाबी झाक, आणि वास असा की दारातून आत आलेला माणूस बोलता बोलता थांबायचा. रोपात खोड एकच होती. फूल उमलायचं संध्याकाळी सातला, आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकायचं.

आणि रोपवाटिकावाल्यांच्या वार्षिक परिषदेत नव्या रोपांचं परीक्षण व्हायचं सकाळी अकराला.

पहिल्या वर्षी आत्या रोपं घेऊन गेली तेव्हा परीक्षकांना दिसल्या मिटलेल्या छत्र्यांसारख्या कळ्या. दुसऱ्या वर्षी तिने फुलांचे मोठे मोठे फोटो करून नेले, तर परीक्षक म्हणाले, फोटोला बक्षीस द्यायचं तर फोटोवाल्याला द्यावं लागेल. दोन्ही वर्षी घरी पत्र आलं ते अक्षरशः एकच. "रोप परीक्षणाच्या वेळी फुलावर नव्हते. सबब विचार करता आला नाही."

"सबब!" आत्या ते पत्र हवेत फडकवून ओरडायची. "माझं रोप म्हणजे काय त्यांच्या कचेरीतला कारकून आहे, अकराच्या ठोक्याला हजर व्हायला?"

आत्या त्रेसष्ट वर्षांची, एकटी, आणि आवाज असा की फाटकाबाहेरच्या गिऱ्हाइकाला किंमत आतूनच कळायची. तिसऱ्या वर्षी परिषदेला तीन आठवडे उरले असताना तिच्याकडे तिची भाची राहायला आली. ही धाकट्या भावाची मुलगी. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची, आणि सहा वर्षं सतत रात्रपाळी केलेली. साठलेली रजा घेऊन ती आली होती ती फक्त झोपायला. पण सवय कुठली सुटते? रात्रभर टक्क जागी आणि दिवसा खिडक्यांना चादरी लावून घोरतेय. आत्या तिला घुबड म्हणायची, तेही तोंडावर आणि प्रेमाने.

एका दुपारी चारला भाची "सकाळचा" चहा पीत बसली होती आणि आत्या पुन्हा एकदा ते पत्र मोठ्याने वाचत होती. भाची कपातून तोंड काढून म्हणाली, "आत्या, त्यांना अकरा वाजता फूल हवंय ना? मग अकरा वाजता संध्याकाळ करू या."

"झोपेत आहेस का?"

"अगं, ऐक तर. रात्रपाळी लागली तेव्हा पहिले पंधरा दिवस मी मेल्यासारखी होते. मग शरीरच म्हणालं, ठीक आहे बाई, तू म्हणशील ती रात्र. खोलीत अंधार केला की रात्र, दिवे लावले की दिवस. माणूस फसतो, मग रोप का नाही फसणार?"

आत्याने हातातलं पत्र खाली ठेवलं. असं फार क्वचित व्हायचं. मग ती उठली, खताच्या कोठीचं दार उघडून उभी राहिली, आणि भाचीकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो. काळं प्लास्टिक किती लागेल?"

संध्याकाळपर्यंत कोठी रिकामी झाली. खिडकीला, फटींना, दाराच्या कुलपाच्या भोकालासुद्धा काळं प्लास्टिक लागलं. बारा कुंड्या आत गेल्या आणि त्यांच्यावर मोठे पांढरे दिवे टांगले. रात्री दहाला दिवे लावायचे, सकाळी दहाला घालवायचे. घुबडाला जागायला आता काहीतरी कारण मिळालं.

पहिला आठवडा रोपांनी गोंधळ घातला. एक फूल दुपारी तीनला उमललं, एक पहाटेच अर्धं उघडून तसंच राहिलं, आणि तीन कळ्या रुसून गळूनच पडल्या. आत्या रोज डोक्याला हात लावायची. "चौदा वर्षांची मेहनत आणि तू तिला रात्रपाळीला लावलीस!" भाची वहीत वेळा लिहीत राहायची. नवव्या दिवशी साडेबारा. अकराव्या दिवशी पावणेबारा. तेराव्या दिवशी दोघी अंधाऱ्या कोठीत बॅटरीवर लाल कागद बांधून बसल्या होत्या. भाचीच्या घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली आणि त्यांच्या नाकासमोर एक कळी थरथरली, फिरली आणि उघडली. मागोमाग दुसरी. मग एकदम चार.

आत्या आनंदाने अशी ताडकन उठली की वरच्या फळीवर डोकं आपटलं. टेंगूळ दोन दिवस होतं. ते दाखवून ती कामावरच्या बायकांना सांगायची, "हे बघा, हे माझं पहिलं बक्षीस."

परिषदेच्या आदल्या दिवशी बारापैकी सात चांगल्या कुंड्या निवडल्या, झाकणाच्या खोक्यांत ठेवल्या आणि भाड्याच्या टेम्पोतून दोघी निघाल्या. बाहेर लख्ख दुपार होती, पण खोक्यांच्या आत रात्र. भाचीने दुसऱ्या दिवशी फुलणाऱ्या कळ्या मोजल्या होत्या. एकोणीस. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आत्या चालकाला म्हणायची, "हळू रे बाबा, मागे पोरं झोपलीयत."

उतरण्याच्या जागी खोली एकच होती आणि रात्री दहाला तिथे दिवस उगवला. सगळे दिवे पेटवून, कुंड्या पलंगावर मांडून दोघी जमिनीवर झोपल्या. आत्याने डोळ्यांवर मोजे बांधले होते. सकाळी किल्ली द्यायला गेल्यावर तिथल्या माणसाने काळजीने विचारलं, "तुमच्या खोलीत रात्रभर दिवे होते. सगळं ठीक ना?"

"आमच्याबरोबर लहान मुलं आहेत," आत्या म्हणाली. "अंधारात फुलून येतात."

"फुलून? किती मुलं आहेत?"

"सात," असं म्हणून आत्या खोकी उचलून चालू पडली. तो माणूस नोंदवही चाळत राहिला.

परिषदेच्या दालनात शिरल्यावर भाचीचे पाय जागीच थबकले. तिने आयुष्यात एवढा हिरवा रंग छपराखाली पाहिला नव्हता. नव्या सतरंजीचा आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत मिसळला होता. एका बाजूला एक यंत्र पापणी लवायच्या आत दोनशे खळग्यांत दोनशे बिया टाकत होतं आणि त्याच्यासमोर चाळिशी-पन्नाशीची माणसं लहान मुलांसारखी तोंडं उघडी टाकून उभी होती. एकीकडे नुसत्या मातीचे तेवीस प्रकार बरण्यांत मांडले होते आणि लोक चिमटीत घेऊन, हुंगून, मान हलवत होते. कुणी कलमाच्या चाकूची धार अंगठ्यावर बघत होतं, कुणी कुंडी उलटी करून भोकं मोजत होतं. कपड्यांवरून कोण मालक आणि कोण कामगार ते कळत नव्हतं. सगळ्यांच्याच नखांत माती.

"इथं सगळे आपल्यासारखेच वेडे आहेत," भाची कुजबुजली.

"म्हणून तर येते मी," आत्या म्हणाली. ती सकाळपासून जमिनीवरून चार बोटं वरच चालत होती. दिसेल त्या पानाला हात लावत होती, ओळखीचे भेटत होते. "काय बाई, आहे का अजून ते तुमचं रात्रीचं फूल?" कुणीतरी हसत विचारलं. "आहे," आत्या म्हणाली. "अकराला या. दात बरोबर घेऊन या, घशात घालायचेत."

त्यांची जागा कोपऱ्यात होती. शेजारी ठिबकच्या पाइपांचं दुकान. पाइपवाला गोल चेहऱ्याचा, बोलका, शर्टाच्या दोन्ही खिशांतून नळ्यांची टोकं डोकावत असलेला. या दोघींनी टेबलावर बांबू उभे करून काळ्या कापडाचा तंबू बांधला, आत दिवा लावला आणि सात कुंड्या ठेवल्या, तेव्हा त्याला राहवेना.

"काकू, आत काय आहे? जादूचे प्रयोग का?"

"बाळंतपण," आत्या म्हणाली. "पुरुषांनी लांब राहावं."

नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दहाला दिवा घालवायचा, अकराच्या आसपास फुलं, अकराला परीक्षण. सगळं हिशोबात बसलं होतं. तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. समारोपाचे पाहुणे लवकर निघणार असल्यामुळे नव्या रोपांचं परीक्षण अकराऐवजी दहा वाजता सुरू होईल, प्रत्येक रोपाला दहा मिनिटं, क्रम यादीप्रमाणे.

आत्याने यादी बघितली. त्यांचा नंबर तीन होता. म्हणजे दहा वीसला.

आत्या खुर्चीवर बसली ती एखादं पोतं टाकल्यासारखी. "झालं. तिसऱ्या वर्षी पण मिटलेल्या छत्र्याच."

"दिवा आत्ताच घालवू या का?"

"नको गं, घाई केली तर त्या भलत्याच रुसतील. तूच तर वहीत लिहिलंयस."

भाचीने वही आत्याच्या मांडीवर टाकली आणि ती पळाली. दारापाशी बिल्ले वाटणारी बाई बसली होती, सगळ्या प्रश्नांना एकाच सुरात उत्तर देणारी. भाची धापा टाकत म्हणाली, "आमचा नंबर मागे टाकता येईल का? आठवा, नववा, कुठलाही."

"क्रम बदलत नाही." बिल्लेवाल्या बाईने कागद उलटला आणि बोट ठेवून वाचलं. "मात्र दोन स्पर्धकांनी आपसांत अदलाबदल केली तर चालते. दोघांच्या सह्या. दहाच्या आत."

नऊ चाळीस. भाचीने यादी हिसकावून घेतली असंच म्हणायला हवं. सात नंबर म्हणजे काट्यांच्या रोपांचा एक गंभीर गृहस्थ. तो म्हणाला, "मी सातवा म्हणून आलोय, सातवाच राहणार." नऊ नंबरच्या जागेवर नुसतीच खुर्ची आणि खुर्चीवर कोट. आठ नंबर दालनाच्या दुसऱ्या टोकाला होता. भाची माणसांच्या मधून, झाऱ्यांच्या राशींवरून, "सरका, सरका" करत धावली. रुग्णालयात रक्ताची बाटली घेऊन धावायची सवय होती, ती आज कामाला आली.

आठ नंबरचा माणूस मोठ्या पानांची झाडं करायचा. त्याचं नवं झाड म्हणजे छत्रीएवढ्या जांभळ्या पानांचा डोलारा. पण तो डोलारा वरच्या थंड हवेच्या झरोक्याखाली बरोबर सापडला होता. पानांच्या कडा खाली वळू लागल्या होत्या आणि पानवाला स्टुलावर चढून स्वतःचा कोट झाडावर धरून उभा होता.

"अहो, तुम्हाला तीन नंबर हवा का?" भाचीने खालूनच विचारलं.

"काय?"

"तीन नंबर! दहा वीसला! मला तुमचा आठवा द्या!"

पानवाला स्टुलावरून उतरला की पडला हे सांगणं कठीण. "ताई, चेष्टा करू नका. अकरा दहापर्यंत हे झाड माझ्याआधी झोपेल. कुठे सही करू?"

त्याचं पेन चालेना. भाचीचं पेन आत्याच्या मांडीवर, वहीत. दोघं मिळून बिल्लेवाल्या बाईच्या टेबलापाशी पोहोचले, तिच्याच पेनाने सह्या केल्या, आणि बाईने घड्याळ बघून शिक्का मारला. नऊ सत्तावन्न.

ठीक दहाला भाचीने तंबूतला दिवा घालवला. आत्याने कापडाच्या कडा टाचण्यांनी बंद केल्या. आता करण्यासारखं काहीच नव्हतं आणि आत्याला नेमकं तेच जमत नव्हतं. ती तंबूभोवती फेऱ्या मारत होती. साडेदहाला तिने कापडात तोंड घातलं आणि बाहेर काढलं. पावणेअकराला परत. अकराला तोंड बाहेर आलं ते पांढरं पडलेलं.

"हलत नाहीयेत गं. दगड झाल्यात."

भाचीने आत हात घातला. कुंड्या गार होत्या. तिने वर बघितलं. त्यांच्याही डोक्यावर तसलाच झरोका, आणि कापडातून थंड हवा सरळ आत झिरपत होती. अंधाराचा, दिव्यांचा, मिनिटांचा सगळा विचार केला होता. थंडीचा विचार कुणी केलाच नव्हता. कोठीत ऊब असायची.

"काय झालं ताई?" पाइपवाल्याने विचारलं. तो तासभर पाइप विकायचं सोडून इकडेच बघत होता.

"वरून गार हवा येतेय. फुलं अडून बसलीयत."

पाइपवाल्याने एक क्षणही घालवला नाही. आपल्या दुकानामागचा भला मोठा फलक त्याने खिळ्यांसकट उचकटला. त्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र आणि 'थेंब थेंब मोलाचा' असं लिहिलेलं. स्टूल ओढलं, वर चढला आणि दोन्ही हातांनी तो फलक तंबूच्या वर छपरासारखा धरून उभा राहिला. भाचीने दोन बाटल्यांत चहाच्या टेबलावरचं गरम पाणी भरून आणलं आणि कुंड्यांच्या मध्ये ठेवलं. आत्या कापडाला तोंड लावून आतल्या कळ्यांशी बोलत होती. काय बोलत होती ते तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही.

अकरा दहाला परीक्षक आले. तिघे होते, पण बोलणाऱ्या एकच. उंच, पिकल्या केसांच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या बाई. दोन्ही वर्षांची पत्रं त्यांच्याच सहीची होती.

"पुन्हा तुम्ही," परीक्षक बाई म्हणाल्या. तसं रागाने नाही, पण दमून. मग त्यांनी वर बघितलं. "हे गृहस्थ कोण?"

"छप्पर," आत्या म्हणाली.

त्या फलकाच्या छपरापायी आजूबाजूला माणसं जमू लागली होती. भाचीने आत्याला कोपराने ढोसलं. आत्याने रोपाची गोष्ट सुरू केली. पहिलं रोप कुठलं, बी कसं धरलं, कुठल्या वर्षी गुलाबी कड आली, कुठल्या वर्षी मुळंच कुजली आणि एका उरलेल्या रोपावरून पुन्हा सुरुवात झाली. ती एरवीपेक्षा हळू बोलत होती, शब्द मोजून, वेळ ताणत. पाच मिनिटं गेली. परीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं.

"झाड दाखवा आता."

भाचीने टाचण्या काढल्या आणि कापड बाजूला केलं. सात कुंड्या. एकोणीस कळ्या, लांबट, पिळलेल्या, घट्ट मिटलेल्या.

कुणीतरी मागे हसलं. परीक्षक बाईंचं पेन कागदावर टेकलं.

"बाई, लिहू नका!" भाची एवढ्या जोराने ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. "आमची चार मिनिटं बाकी आहेत. फक्त बघत राहा."

सगळे बघत राहिले. पाइपवाल्याचे हात भरून आले होते, पण फलक हलला नाही. एक मिनिट गेलं. आत्याने भाचीचा हात धरला होता आणि तिची नखं भाचीच्या तळव्यात रुतत होती. दीड मिनिट. आणि मग मधल्या कुंडीतली एक कळी हलली.

"वारा," मागून कुणी म्हणालं.

वारा नव्हता. कळीचा पीळ सैल होत होता. ती हलकेच एकदा थरथरली, थांबली, जणू कुणी आतून दाराची कडी चाचपत होतं. मग एका बाजूने पांढरी कड सुटली. पीळ गर्रकन फिरला आणि फूल उघडलं. डोळ्यांदेखत, एका श्वासात, छत्री उघडावी तसं. मागे कुणीतरी "अरे!" म्हणालं. दुसरी कळी उघडली. तिसरी. मग कुठे बघावं तेच कळेना, डावीकडे एक, उजवीकडे दोन, आणि वास असा दरवळला की पलीकडच्या रांगेतले बियांच्या यंत्राचे बघे माना वळवून इकडे यायला लागले. लोकांनी फोन वर धरले, मग काहींनी ते खाली केले आणि नुसतं बघितलं. पाइपवाला वरून ओरडला, "मला काही दिसत नाहीये! कुणीतरी सांगा ना!"

"फुलली!" आत्या ओरडली. तिचा मोजून मापून धरलेला आवाज सुटला आणि सगळ्या दालनाला ऐकू गेला. "फुलली रे बाबा, अकरा फुलली! उतर खाली, बघ!"

परीक्षक बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. वाकून फूल हुंगलं आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या अर्जात लिहिलंय की हे सूर्यास्तानंतर उमलतं."

आत्याचा चेहरा क्षणभर उतरला. भाची पुढे झाली. लपवायचं नाही, हे तिने येतानाच ठरवलं होतं.

"हो, संध्याकाळी सातलाच उमलतं. आम्ही त्याचा दिवस आणि रात्र उलटी केली. तीन आठवडे, दिवे लावून. कारण तुम्ही सकाळी येता. फुलाला काही केलेलं नाही, फक्त त्याचं घड्याळ फिरवलंय. घरी नेऊन खिडकीत ठेवलं की आठवड्याभरात परत आपल्या वेळेवर येईल."

आजूबाजूला कुजबुज झाली. दुसऱ्या परीक्षकाने नियमांचा कागद काढला. परीक्षक बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या भाचीकडे बघत होत्या. "म्हणजे गिऱ्हाइकाने हे घरी नेलं, तर दिवसभर त्याला कळ्याच दिसणार. संध्याकाळी सातला फुलणारं झाड कुणी का घ्यावं?"

"बाई, तुम्ही संध्याकाळी सातला कुठे असता?"

"घरी. का?"

"आणि सकाळी अकराला?"

परीक्षक बाईंनी गळ्यातल्या बिल्ल्याकडे बघितलं.

"मी दहा घरांच्या इमारतीत राहते," भाची म्हणाली. "सगळ्यांच्या खिडक्यांत कुंड्या आहेत. सगळी फुलं दिवसा फुलतात आणि दिवसा घरात कुणी नसतं. लोक दमून परत येतात तेव्हा फुलं मिटलेली. हे एकच असं आहे जे तुम्ही यायची वाट बघतं."

गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी. परीक्षक बाईंनी लिहायला घेतलं आणि त्या पुढच्या रोपाकडे पाच मिनिटं उशिरा गेल्या. जाताना आत्याला म्हणाल्या, "दोन वर्षं मी बरोबर लिहिलं होतं. पण चूकही केली होती."

दोनला निकाल लागला. पहिलं बक्षीस पानवाल्याला. दहा वीसला त्याची पानं ताठ उभी होती आणि खरोखर राजासारखी दिसत होती. आत्याच्या रोपाला विशेष उल्लेख मिळाला, आणि त्याबरोबर परीक्षक बाईंनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून संध्याकाळी फुलणाऱ्या रोपांचं परीक्षण संध्याकाळीच होईल. टाळ्या पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त वेळ वाजल्या असं पाइपवाल्याचं म्हणणं, पण त्याचे हात अजून दुखत असल्याने तो निःपक्षपाती नव्हता. पानवाला व्यासपीठावरून उतरला तो थेट यांच्याकडे. मिळालेला पुष्पगुच्छ त्याने भाचीच्या हातात कोंबला. "ताई, हा तुमचा. नंबर तुमचा होता."

आत्या रुसेल असं भाचीला वाटलं होतं. आत्या हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. "अगं, पहिलं बक्षीस काय करायचंय? इथल्या चारशे लोकांनी आपलं फूल उमलताना बघितलंय. त्यांच्या रोपवाटिकांत आता आठवडाभर दुसरा विषय नाही."

खरंच नव्हता. तीनपर्यंत त्यांच्या टेबलापुढे रांग लागली. त्यात गावोगावी बागेची दुकानं चालवणारी एक बाई होती. तिला पुढच्या हंगामात पाच हजार रोपं हवी होती. आत्या म्हणाली, आठशे देईन, पण चांगली देईन. दुकानवाल्या बाईने आठशेला लगेच हो म्हटलं आणि विचारलं, "नाव काय याचं?"

"अजून ठेवलंच नाही," आत्या म्हणाली. चौदा वर्षं ते 'सत्तावीस ब' होतं, वहीतल्या ओळीवरून.

"नावाशिवाय नोंदणी होत नाही," दुकानवाली म्हणाली. "आणि नोंदणीची खिडकी चारला बंद."

मग एकच गलका. आत्याने तीन नावं सुचवली, तिन्ही इतकी गंभीर की वाटावं कुणाचं स्मारक उभारायचंय. पानवाल्याने एक सुचवलं ते उच्चारायलाच जमेना. पाइपवाला इतका वेळ खांदे चोळत उभा होता. तो म्हणाला, "ते सकाळी फुलणारं रंगीबेरंगी फूल असतं ना, त्याला सगळे 'ऑफिस टाइम' म्हणतात. मग याला म्हणा 'ऑफिस सुटलं'!"

"काहीतरीच!" आत्या ओरडली. "चौदा वर्षं मी..."

पण दुकानवाली बाई हसत सुटली होती. हसता हसता तिने टेबलाचा आधार घेतला. "हे विकलं जाईल," ती म्हणाली. "पाटी लावायचा अवकाश. 'ऑफिस सुटलं' घ्या, घरी न्या."

आत्याने फुलांकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, आणि पाइपवाल्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग तिने पेन उचललं. "लिहिते. पण कुणी विचारलं तर सांगेन की नाव छपराने ठेवलं."

ती अर्ज घेऊन खिडकीकडे धावली. चारला दहा मिनिटं कमी होती आणि दिवसभर ओरडून तिचा आवाज आता पुरता बसला होता, त्यामुळे वाटेत कुणाला "सरका" म्हणायचीही सोय नव्हती. ती हात हलवत गेली. इकडे रांग तशीच उभी होती. पुढची बाई कुंडीवर वाकून म्हणाली, "याच्या कळ्या खुडायच्या की ठेवायच्या? आणि पाणी किती?"

उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं. भाचीने कुंडी उचलून हातात घेतली, शेंड्याजवळची एक बारकी कळी बोटाने दाखवली आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्या दोन कळ्या खुडायच्या, मग रोप बाजूने भरतं. पाणी खालून. माती ओली चालते, चिखल चालत नाही. तिला कळलंही नाही की ती आत्याच्याच सुरात बोलतेय, फक्त जरा हळू. बाईने सगळं लिहून घेतलं आणि आदराने विचारलं, "या धंद्यात किती वर्षं झाली तुम्हाला?"

"तीन आठवडे," भाची म्हणाली, आणि पुढच्या माणसासाठी दुसरी कुंडी उचलली.